पळणाऱ्याची पाठ

मागल्या रविवारी माझा हमाल मेला. कागदावरचा हमाल. त्याला बायको नाही, पोरं नाहीत, प्रेत उचलायची भानगड नाही. पण ज्या कलमाखाली तो मेला ते कलम डोक्यातून जाईना. सोमवारी पहिल्या पाळीला गोदीत उभा आहे, वर क्रेनला पत्र्याची गुंडाळी लोंबतेय आणि मी मनातल्या मनात वीस बाजूंचा फासा टाकतोय. मुकादम खेकसला, "काय रे, रात्रीची उतरली नाय का?" आता त्याला काय सांगू, अण्णा, माझा माणूस गेला आणि कायदेशीर गेला.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. दर रविवारी रात्री आम्ही पाचजण विहारामागच्या अभ्यासिकेत बसतो. एकजण खेळ चालवतो, बाकीचे एकेक माणूस घेतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. आपला माणूस काय करतो ते तोंडाने सांगायचं, ते जमलं की फसलं ते फासा सांगणार. टेबलावर चौकटींचा कागद, एक चौकट पाच फुटांची, सोंगट्या म्हणून बाटल्यांची बुचं. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा म्हणून गाव आहे, तिथून १९७४ साली तो छापून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे दोन बाप. २०२३ साली कंपनीने नियमांचा मोठा भाग सगळ्यांना खुला केला. खेळ चालवणारा आमचा दोस्त इंजिनियरिंगला आहे, त्याने कॉलेजात प्रिंट काढून आणले. मी मॅट्रिक. मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचलं, पण सगळं वाचलं. म्हणून तोंड उघडतोय.

पहिल्या दिवशीच मी दोस्ताला म्हटलं, मला हमाल खेळायचाय. तो म्हणाला, असा वर्ग नाही. २०१४ च्या पुस्तकात बारा वर्ग आहेत, हमाल त्या बारात बसत नाही. हमाल आहे, पण भाड्याने मिळणाऱ्यांच्या यादीत. रोज दोन चांदीची नाणी. आणि खुलासा असा की मजूर, हमाल, मोलकरीण यांच्या कामाला खास कसब लागत नाही. तलवार धरणारा भाडोत्री किंवा कारकुनी करणारा घेतलात तर दोन सोन्याची, म्हणजे बरोबर दहापट. लेक जिनीव्हाहून निघालेल्या खेळात आमची किंमत कुणीतरी आधीच लावून ठेवली होती. मी हसलो. दोस्त ओशाळला. "तू घे रे हमाल, मी सांभाळून घेतो," म्हणाला. साधा माणूस म्हणून पुस्तकात जो दिलाय त्याचे आकडे आम्ही घेतले. जीव चार. अंगात ताकद दहा. चाल तीस फूट. हातात सोटा.

झालं असं. आमचे चौघे भुयारातून लूट घेऊन निघाले होते, पेटी माझ्या हमालाच्या पाठीवर. वळणावर गॉब्लिन भेटले. गॉब्लिन म्हणजे बुटका, दात विचकणारा, नवशिक्यांनी मारावा म्हणूनच जन्माला घातलेला प्राणी. (त्याच्यावरही एकदा लिहायला पाहिजे.) मी म्हटलं, हमाल पेटी टाकतो आणि पळतो. दोस्त म्हणाला, "पेटी टाक, ते फुकट आहे. पण तू त्याच्या हाताच्या टप्प्यातून बाहेर चाललास. त्याला आयता वार मिळतो." फासा पडला चौदा. हमालाच्या अंगावर नुसता सदरा. नुकसान पाच. जीव होता चार.

इंग्रजीत ह्याला ऑपॉर्च्युनिटी अटॅक म्हणतात. मी आयता वार म्हणतो. नियम सोपा आहे. तुम्ही कुणाशी हातघाईला भिडलात आणि त्याच्या टप्प्यातून आपल्या पायाने बाहेर निघालात तर त्याला, त्याची पाळी नसताना, एक वार मिळतो. फेरीत एकदाच. तुम्हाला कुणी ढकललं, स्फोटाने उडालात, तर नाही. आपल्या मर्जीने निघालात तरच.

रात्री झोप लागेना, मग मी वहीत हिशोब मांडला. हमाल पळाला तर गॉब्लिनला फाशावर सहा किंवा वर पाहिजे, म्हणजे चारातल्या तीन खेपा वार लागणार, आणि लागला की सहातल्या पाच खेपा जीव जाणार. थांबून सोटा हाणला तर पाचातल्या दोनच खेपा लागतो, साधा फटका जास्तीत जास्त चारचा आणि गॉब्लिनचा जीव सात. तो उभाच राहतो, मग त्याचा वार आहेच. तिसरा रस्ता डिसएंगेज. म्हणजे त्या पाळीत दुसरं काही न करता नुसतं अंग सोडवून घ्यायचं, मग आयता वार बसत नाही. सोडवून घेतलं, तीस फूट गेला. गॉब्लिनची चालही तीस. तो तीस फूट मागोमाग येतो आणि हाणतो. म्हणजे पळा, थांबा, सुटा, तिन्ही वाटा त्याच सुऱ्याखाली.

आणि आता ऐका. त्याच पुस्तकात गॉब्लिनला सवलत आहे. तो वार करून वर फुकटात अंग सोडवून घेऊ शकतो. चोराला दुसऱ्या पायरीवर तीच सवलत. मांत्रिकाला मंत्र आहे, तो इथून अदृश्य होतो आणि तीस फुटांवर प्रगटतो. म्हणजे पळून जाणं ह्या खेळात मिळवायची चीज आहे. पायरी चढा, मग पाय मोकळे होतील. ज्याला सगळ्यात जास्त पळायची गरज, ज्याचा जीव चार, त्याचेच पाय बांधलेले. च्यायला, हा नियम कुणी टेबलावर बसून लिहिला असेल तर त्याच्या मागे कधी कुणी लागलं नसणार.

हे कुठून आलं ते शोधलं. ह्या खेळांचा आजा प्रशियाच्या सैन्यात सापडतो. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धाचा खेळ तयार केला. नकाशा, फासे, पलटणींचे ठोकळे, एक डाव म्हणजे दोन मिनिटं. वरून बघायचं. ठोकळा ढकलायचा. ठोकळ्याला दम लागत नाही, ठोकळ्याच्या पायात गोळा येत नाही. १९१३ साली एच. जी. वेल्सने दिवाणखान्यातला खेळ लिहिला, त्यात पायदळ एका डावात एक फूट सरकतं, घोडदळ दोन. फूट म्हणजे जमिनीवरचा खराखुरा फूट, टीनचे शिपाई. मग १९७१ साली गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा चेनमेल, आणि त्याच्या पोटातून १९७४ चा खेळ. त्यामुळे १९७४ च्या पुस्तकात माणसाची चाल इंचांत मोजलेली आहे. बारा इंच. टेबलावरचे इंच. ठोकळ्याचा माणूस झाला, त्याला नाव मिळालं, आई-बाप मिळाले, पण चाल ठोकळ्याचीच राहिली. वरून बघणाऱ्या अधिकाऱ्याची नजर त्या इंचांबरोबर आत आली.

सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही. जुन्या नियमांत लढाईची एक फेरी एक मिनिटाची होती. लोक हसायचे, एका मिनिटात एकच वार? गायगॅक्सचं उत्तर असं की फासा म्हणजे एक वार नव्हे. त्या मिनिटात हुलकावण्या आहेत, अडवणं आहे, मागेपुढे होणं आहे, फासा फक्त काय लागलं ते सांगतो. मला हे पटतं. त्या मिनिटात पाय होते. आणि १९८१ साली टॉम मोल्डव्हेने नवशिक्यांसाठी जी आवृत्ती संपादित केली तिच्यात तर शहाणपण आहे. फेरी दहा सेकंदांची. भिडलेल्या माणसाला दोन वाटा. तोंड शत्रूकडे ठेवून निम्म्या चालीने मागे सर, दंड नाही. पाठ फिरवून पळालास तर शत्रूला फाशावर दोन जादा आणि तुझी ढाल धरणार नाही. पाठीला किंमत आहे, पण मागे सरण्याला बंदी नाही. वर हिमतीचा नियम, मर्जी असेल तर वापरा. पहिला माणूस पडला की दोन फासे टाकून बघायचं, निम्मे पडले की पुन्हा. शत्रू पळू शकतात, कारण तेही घाबरतात. माझा हमाल त्या नियमात जगला असता असं छातीठोक सांगत नाही, पण त्याला विचारायला जागा होती.

मग चौकटींनी सगळं खाल्लं. आयता वार पद्धतशीर नियमात बसवला १९९५ च्या एका जोडपुस्तकाने. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि तो गाभ्यात गेला. फेरी सहा सेकंदांची, चौकट पाच फुटांची, भिडलेल्याने चौकट सोडली की वार. २०१४ ला थोडं सैल केलं, टप्प्याच्या आत फिरा म्हणाले. २०२४ ची नवी पुस्तकं आली, पळणाऱ्याच्या पाठीवरचा वार जिथल्या तिथे.

परिणाम काय? कुठल्याही टेबलावर जाऊन बघा. दोन बुचं एकमेकांना चिकटतात आणि कोण मरेपर्यंत तशीच चिकटून राहतात. मी मारतो, तू मार, मी मारतो, तू मार. हातघाई म्हणायची ह्याला? नळावरच्या भांडणात सुद्धा ह्यापेक्षा पाय हलतात.

मी खरी हातघाई बघितलीय. तीन वर्षांपूर्वी शेडमागे दोन टोळ्यांची जुंपली. कारण फालतू होतं, पाळी कुणाची ह्यावरून. पंधरा-वीस माणसं, हातात आकडे, पोत्यात खुपसायचे लोखंडी आकडे. एकही माणूस जागेवर उभा नव्हता. सगळे मागे होत होते, गोल फिरत होते, पुढे येऊन हूल देत होते, परत मागे. जो मागे होत होता त्याला लागत नव्हतं. दोघे पाठ फिरवून सरळ पळाले, त्यांना कुणी हात लावला नाही, कारण त्यांच्या समोरचे दुसऱ्यांत गुंतले होते, आयता वार मारायला मोकळं होतं कोण? ज्याला लागलं त्याचा भांडणाशी संबंध नव्हता. माझ्याच टोळीतला, ट्रकला लावलेल्या फळीवरून पन्नास किलोचं पोतं घेऊन उतरत होता. त्याने भांडण बघितलं. त्याला थांबायचं होतं. पाठीवर पोतं असताना उतरत्या फळीवर थांबून दाखवा मला. पोतं ढकलतं, पाय आपोआप धावतात. तो सरळ मधोमध गेला आणि आकडा खांद्यात शिरला. पंधरा दिवस घरी होता, बिनपगारी. कुणी मारला नाही त्याला. ओझ्याने नेला.

इथे मी माझ्या मुद्द्यावर येतो. पाय आणि ओझं ही एकच गोष्ट आहे, आणि खेळणारे पहिलं काय फाडून टाकतात तर ओझ्याचा नियम. "कंटाळवाणा आहे रे, किलोचे हिशोब कोण ठेवणार?" आमचा दोस्तही हेच म्हणाला. मी म्हटलं, ज्याने उचललं नाही त्याला हिशोबाचा कंटाळा येतो. २०१४ च्या पुस्तकात ताकदीच्या पंधरापट पौंड इतकं वजन उचलता येतं. ताकद दहा, म्हणजे दीडशे पौंड, अडुसष्ट किलो. आणि एवढं घेऊन साध्या माणसाची चाल किती? तीसच फूट. एक इंच कमी नाही! चाल कमी करणारा नियम आहे, पण तो मर्जीचा, बाजूच्या चौकटीत टाकलेला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोची मर्यादा सुचवली होती. डंजनमध्ये ती संघटना पोचलेली दिसत नाही. माझा बाप क्विंटलचं पोतं उचलायचा. त्याची कंबर आज सरळ होत नाही. तो ह्या खेळाला भुताचा खेळ म्हणतो, पण अडुसष्ट किलो घेऊन तीस फूट सांगितल्यावर एवढंच म्हणाला, "सरळ जाईल की. वळवून दाखव म्हणावं."

हीच गोष्ट चांगल्या नियमांनाही कळलेली नाही. १९८१ च्या आवृत्तीत वजन नाण्यांत मोजतात, दहा नाणी एक पौंड. चारशे नाण्यांपर्यंत फेरीला चाळीस फूट, सहाशेपर्यंत तीस, आठशेपर्यंत वीस, सोळाशेपर्यंत दहा, त्याच्यापुढे शून्य. (जगातलं सगळं वजन सोन्याच्या नाण्यांत मोजणारी माणसं! पण ते जाऊ द्या.) निदान ओझं पायांना लागतं हे त्यांना मान्य होतं. पण ओझ्याने माणूस हळूहळू मंदावतो हे अर्धंच खरं. आम्ही ओझ्याखाली दुडक्या चालीने पळतो, कारण चालण्यापेक्षा ते सोपं पडतं. ओझं वेग घेत नाही तेवढा, ते थांबणं आणि वळणं घेतं. हातघाईत ह्याच दोन गोष्टी जीव वाचवतात.

आता समोरची बाजू. आमचा दोस्त मूर्ख नाही. तो म्हणाला, "आयता वार काढला तर पुढे उभा राहणाऱ्या योद्ध्याचा उपयोग काय? शत्रू त्याच्या बाजूने चालत जाऊन मागच्या मांत्रिकाचा गळा धरेल. कारण खेळात पाळ्या आहेत. एकजण चालतो तेव्हा बाकीचे पुतळे असतात. पुतळ्याला निदान एक वार द्यायला नको?" ह्याचं उत्तर मला दोन दिवस सुचलं नाही. बरोबर आहे त्याचं. पाळीचा खेळ आहे, पाळीने पुतळे होणारच, आयता वार हा त्या दुखण्यावरचा लेप आहे.

पण दुखणं पाळीचं आणि लेप पळणाऱ्याच्या पाठीवर? आणि गंमत बघा, पाठलागासाठी २०१४ मध्येच वेगळे नियम आहेत, खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकात. तिथे लिहिलंय की पाठलागात सामील असलेल्यांनी एकमेकांवर आयता वार करायचा नाही, कारण सगळे एकाच वेळी एकाच दिशेला हलत आहेत असं धरलेलं असतं. म्हणजे त्यांना ठाऊक आहे! सगळे एकदम हलतात हे मानलं की आयता वार गळून पडतो. मग तो नियम पाठलाग सुरू झाल्यावर का, पहिल्या पावलाला का नाही?

दुसऱ्या लोकांनी वेगळे रस्ते काढलेत. १९७७ साली स्टीव्ह जॅक्सनचा मेली नावाचा छोटा खेळ आला, षटकोनी चौकटींचा. त्यात भिडलेल्याला वार करण्याऐवजी एक घर बाजूला निघता येतं, पण आपल्या चपळाईच्या क्रमाने. समोरचा जास्त चपळ असेल तर तो आधी मारेल, तुम्ही चपळ असाल तर तुम्ही आधी सुटाल. म्हणजे वार आयता मिळत नाही, तो कमवावा लागतो. १९७८ चा रूनक्वेस्ट स्टीव्ह पेरिन आणि त्याच्या साथीदारांचा. हा पेरिन वेताच्या तलवारी घेऊन अंगणात खरोखर झुंजलेल्या मंडळींतला होता, आणि त्याच्या नियमांत वार अडवायला वेगळा फासा आहे. खेळणाऱ्याने कधी काठी अंगावर घेतलीय की नाही ते नियम वाचून कळतं. आणि १९८६ चा गर्प्स, परत जॅक्सनचाच. एक डाव एक सेकंदाचा. त्यात वार चुकवताना एक पाऊल मागे गेलात तर तुमचा बचाव वाढतो. वाढतो! डंजन्समध्ये जे पाऊल गुन्हा आहे ते इथे ढाल आहे. वर ओझं वाढलं की चाल तर कमी होतेच, चुकवणंही कमी होतं. हे वाचून मी उठून उभा राहिलो. शेडमागच्या भांडणात मी बघितलेलं कुणीतरी टेक्सासमध्ये बसून आकड्यात लिहिलं होतं.

मग आम्ही टेबलावर भांडून आमचे नियम केले. मागे सरणं फुकट, एक चौकट, तोंड समोर ठेवून, आणि त्या फेरीत तुम्हाला मारणं अवघड. पाठ फिरवून पळालात तर वार बसेल, पण समोरचा दुसऱ्या कुणाशी गुंतला नसेल तरच. मागचा मांत्रिक वाचवायचा असेल तर योद्ध्याने आपल्या पाळीला सांगायचं की मी ही वाट अडवतो, आणि ती अडवायची, हल्ला सोडून. फुकटची नाकाबंदी नाही. पन्नास किलोच्या वर ओझं असेल तर चाल तीच, पण वळायला निम्मी चाल खर्च आणि थांबायचं ठरवलं की एक चौकट पुढे जाऊनच थांबणार. दोनदा खेळून बघितलं. लढाई टेबलभर पसरते. मागल्या खेपेला आमचा योद्धा पाच चौकटी मागे सरकत दारापर्यंत आला आणि दार लावून घेतलं. कुणी मेलं नाही. एवढी मजा मला ड्रॅगन मारूनही आली नव्हती. हिशोब वाढला, हे कबूल. फेरीला वेळ जास्त लागतो. बाराला अभ्यासिकेचं दार बंद होतं, त्याआधी एकच लढाई उरकते.

एकच कलम अडकलंय. हमालाची मजुरी. मी म्हणतो, ओझं घेऊन वळणं हे कसब आहे, ते नियमात आलं, आता त्याला दोन सोन्याची नाणी द्या. दोस्त म्हणतो, सगळ्या खेळाचं अर्थकारण बिघडेल. योद्धा खेळणारा म्हणतो, बाबा, लुटीतला हिस्सा घे पण रोज मागू नकोस. रविवारी पुन्हा बसणार आहोत. तोवर नव्या हमालाचा कागद भरून ठेवलाय, मजुरीची जागा तेवढी कोरी आहे. ज्या दोस्तांनी हा खेळ खेळलाय, किंवा ज्यांनी नुसतंच ओझं उचललंय, त्यांनी यावं. दोघांची जागा होईल. येताना बुचं आणा, कमी पडतात.